फोटो आमच्या अल्बममधला, प्रताधिकार कोणाचा?

मुक्त परवान्याने, म्हणजे कोणालाही वापरता येतील अशा अटींवर, छायाचित्रे उपलब्ध करून देणाऱ्या एका संग्रहासाठी मी काम करते. लोकांनी अपलोड केलेले चित्र खरोखर त्यांनीच काढले आहे का, नसेल तर ज्याने काढले त्याची परवानगी आहे का आणि निवडलेला परवाना त्या चित्राला लागू होतो का, हे तपासणे माझ्याकडे असते. बहुतेक फायली काही मिनिटांत निकाली निघतात. एका संचाने मात्र माझा अख्खा दिवस घेतला आणि त्याचे धागेदोरे पुढे कित्येक महिने सुटत राहिले.

एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या दिवंगत वडिलांची छायाचित्रे पाठवली होती. वडील रंगभूमीवरचे अभिनेते होते. प्रत्येक फायलीसमोर ‘ही माझी स्वतःची निर्मिती आहे’ हा पर्याय निवडलेला होता आणि लेखक म्हणून बाईंचेच नाव होते. कृष्णधवल चित्रांतले गृहस्थ ऐन तिशीतले दिसत होते, म्हणजे ती काढली गेली तेव्हा बाई एक तर फार लहान असणार किंवा जन्मलेल्याही नसणार. संचातल्या एकाच रंगीत चित्राच्या फायलीत कॅमेऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ शाबूत होती. खिडकीशी बसून वाचणाऱ्या वृद्ध वडिलांचे ते चित्र बाईंनी स्वतः काढले होते आणि त्याबद्दल काही शंका नव्हती. उरलेल्या फायलींत फक्त स्कॅनरची नोंद होती.

मी त्यांना फोन केला. त्या दुखावल्या आणि त्यांचे दुखावणे मला अगदी स्वाभाविक वाटले. “अहो, हे माझे वडील आहेत. फोटो आमच्या अल्बममधले आहेत. मी एकेक फोटो स्कॅन केला, त्यावरचे डाग काढले. आणि त्यांच्यावर तो वर्तुळातला ‘सी’सुद्धा कुठे नाही. मग ते माझे नाहीत तर कोणाचे?”

त्यांच्या या एका प्रश्नात चार निरनिराळ्या समजुती होत्या आणि त्या इतक्या सर्वत्र आढळतात की त्यांना सावकाश उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. छापील प्रत हातात असणे म्हणजे त्या कागदाची मालकी असणे. चित्राच्या प्रती काढण्याचा आणि ते प्रसिद्ध करण्याचा हक्क, म्हणजे प्रताधिकार (कॉपीराइट), त्या कागदाबरोबर येत नाही. चित्रात जो दिसतो त्याच्याकडेही तो हक्क आपोआप जात नाही. वर्तुळातले ते प्रताधिकाराचे चिन्ह नसणे हा तर पुरावाच नव्हे, कारण प्रताधिकाराविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात 1908 साली बर्लिन येथे झालेल्या दुरुस्तीपासून, कोणतीही नोंदणी किंवा औपचारिकता न करता निर्मितीच्या क्षणीच संरक्षण मिळावे हे तत्त्व मान्य झालेले आहे. राहिला स्कॅनिंगचा कष्ट. तो खरा असतो, पण सपाट चित्राची हुबेहूब प्रत काढल्याने नवा प्रताधिकार जन्माला येत नाही, असे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 1999 साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात म्हटले. युरोपीय संघानेही 2019 च्या निर्देशात, मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतींच्या साध्या प्रतींबाबत हीच भूमिका घेतली.

“मग प्रत्येक फोटो कोणी काढला, ते मी आता कसे शोधू?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “ताई, अल्बममधून फोटो बाहेर काढा आणि उलटा करून पाहा.”

दुपारी त्यांनी मागच्या बाजूंचे स्कॅन पाठवले आणि तेथून संच आपोआप वेगवेगळा होत गेला. सर्वांत देखण्या चित्रामागे, ज्यात वडील राजवेषात उभे होते, जांभळ्या शाईचा स्टुडिओचा शिक्का होता, त्याखाली पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा क्रमांक होता आणि बिलासाठी नाटक कंपनीचे नाव होते. हे नाव महत्त्वाचे होते. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक कोण, याचे उत्तर सगळीकडे एकच नाही. भारताच्या 1957 च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेणारी व्यक्ती पहिली मालक ठरते. ब्रिटनमध्येही पूर्वी साधारण तसेच होते, पण 1 ऑगस्ट 1989 पासून नवा कायदा लागू झाला आणि तेव्हापासून काढलेल्या छायाचित्रांचा हक्क मुळात छायाचित्रकाराकडे राहतो. ताईंच्या बाबतीत मात्र या फरकाने काही साधत नव्हते. हक्क स्टुडिओचा असो वा पैसे देणाऱ्याचा, पैसे कुटुंबाने दिलेलेच नव्हते. कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि स्टुडिओच्या वारसांचा ठावठिकाणा लागत नव्हता. हक्कदार सापडत नाही म्हणून हक्क संपत नाही. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर कुठे 70 वर्षे, तर कुठे 60 वर्षे, अशा त्या त्या देशाच्या मुदतीपर्यंत तो चालूच राहतो. हे चित्र काढून टाकावे लागले, आणि ते काढताना मला वाईट वाटले, कारण त्या अभिनेत्याचे इतके स्पष्ट चित्र दुसरे नव्हते.

दुसरे एक चित्र पडद्यावर मोठे केले तेव्हा चेहरा बारीक ठिपक्यांत विरघळला. असे ठिपके छापखान्यातल्या जाळीचे असतात, म्हणजे ते वर्तमानपत्राचे कात्रण होते. तेही गेले.

उरली प्रयोगाच्या वेळी विंगेतून काढलेली काही चित्रे. त्यांच्यामागे शाईने एक नाव आणि तारीख होती. ते वडिलांचे स्नेही होते, हौशी छायाचित्रकार, आणि ते हयात होते. ताईंनी त्यांना लगेच विचारले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा एका ओळीचा मेल आला: “खुशाल वापरा, माझी काही हरकत नाही.” ताईंना वाटले, काम झाले. पण ही परवानगी ताईंना होती, जगाला नव्हती. आमच्याकडे चित्र ठेवायचे तर हक्कदाराने कोणते चित्र, कोणता परवाना आणि त्या परवान्यात कोणालाही कोणत्याही कारणासाठी, व्यापारासाठीसुद्धा, चित्र वापरण्याची व त्यात बदल करण्याची मुभा आहे, हे समजून लिहून द्यावे लागते.

मी त्या स्नेह्यांशी बोलले. त्यांचा पहिलाच प्रश्न नेमका होता: “म्हणजे उद्या कोणी माझा फोटो कॅलेंडरवर छापून विकला, तरी मी गप्प बसायचे?” मी होय म्हटले. तुमचे नाव द्यावेच लागेल, आणि ‘श्रेय-समान परवाना’ निवडलात तर बदललेले चित्रही त्याच अटींवर खुले ठेवावे लागेल, पण विक्री थांबवता येणार नाही. शिवाय एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. तुम्ही नंतर चित्र उतरवलेत तरी ज्यांच्याकडे ते परवान्यासह पोचले त्यांचा हक्क कायम राहतो. अव्यापारी वापरापुरता परवाना देऊ का, असे त्यांनी विचारले. असे तयार परवाने बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने डिसेंबर 2002 मध्ये पहिले परवाने आणले तेव्हापासून तसा पर्याय उपलब्ध आहे आणि स्वतःच्या संकेतस्थळावर तो निवडणे पूर्णपणे रास्त आहे. पण 2004 साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहाप्रमाणे आमचा संग्रहही अशा परवान्याची चित्रे घेत नाही, कारण ती विक्रीच्या पुस्तकात निर्धास्तपणे छापता येत नाहीत.

आमच्या कामात संग्रह वाढावा अशी ओढ असते, आणि ‘त्यात काय, सही करून टाका’ असे म्हणणे सोपे असते. तरीही हक्क देणाऱ्याला आधी तो काय गमावतो आहे ते सांगायचे आणि मिळणारे समाधान नंतर, या क्रमावर मी ठाम आहे. त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. शेवटी त्यांनी एकाच चित्राचे पत्र पाठवले. त्यात अभिनेता आरशासमोर बसला आहे, अर्धा चेहरा रंगवून झाला आहे, अर्धा अजून घरचा आहे, आणि रंगाची बोटे हवेत थबकली आहेत. बाकीची चित्रे त्यांनी स्वतःकडेच ठेवली. मी ताईंना ती फाइल नव्याने भरायला सांगितली: लेखक म्हणून त्या स्नेह्यांचे नाव, स्रोत म्हणून कौटुंबिक अल्बम, मागच्या बाजूवरची तारीख, आणि ‘श्रेय-समान परवाना’, आवृत्ती 4.0.

काही महिन्यांनी त्याच स्नेह्यांचा संतापून फोन आला. एका संकेतस्थळाने ते चित्र आजूबाजूने कापून, कोणाचेही नाव न देता लावले होते. “तुम्ही म्हणालात नाव द्यावेच लागेल. कुठे आहे नाव?” परवान्याची अट मोडली की वापरणाऱ्याचा हक्क आपोआप संपतो, आणि 2013 च्या 4.0 आवृत्तीत, चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत दुरुस्त केली तर तो पुन्हा मिळतो, हे मी त्यांना समजावले. त्या संकेतस्थळाला लिहिण्याचा अधिकार त्यांचा होता, आमचा नव्हता, म्हणून पत्राचा मसुदा करायला मी मदत केली. त्यात मूळ चित्राचा दुवा होता, परवान्याचे नाव होते आणि काय काय नोंदवायला हवे ते साध्या शब्दांत लिहिले होते. मुदतीच्या बरेच आधी उत्तर आले. आता त्या चित्राखाली त्यांचे नाव आहे, परवान्याचे नाव व दुवा आहे, आणि मूळ चित्र कापून घेतले असल्याचाही उल्लेख आहे.