पाव मिलिमीटरची रोजनिशी

सोमवार, रात्री

आज इंजिनाला वायरी लावायला घेतल्या. गाडी म्हणजे १९६९ च्या शेवरोले कॅमॅरोचं प्लॅस्टिकचं मॉडेल, स्केल १:२५, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक पंचविसांश, बॉनेटखाली स्मॉल-ब्लॉक व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. किटमध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीनं वीज पोचवणारा भाग) येतो, पण तो नुसता ठोकळा असतो. प्लगच्या वायरी, पेट्रोलची नळी, बॅटरीच्या केबली, काही नसतं. ते सगळं आपण करायचं. या छंदातलं मला सगळ्यांत आवडणारं काम हेच.

त्या काळात प्लगच्या वायरीची जाडी सात मिलिमीटर असे. भागिले पंचवीस केलं की ०.२८. दिसायला बारीकच असलेली ०.४ ची वायर लावली, तर खऱ्या गाडीत तिची जाडी एक सेंटिमीटर होते आणि अख्खं इंजिन खेळण्यातलं वाटायला लागतं. म्हणून मी मोटर वाइंडिंगची तांब्याची तार वापरते. ती हव्या त्या जाडीत मिळते, वाकवली की तशीच राहते आणि प्रायमर मारून वर मॅट काळा रंग दिला की रबरासारखी दिसते.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत कडेनं आठ भोकं पाडायची आणि मधोमध एक, कॉइलकडून येणाऱ्या वायरीसाठी. आधी सुईनं खूण करायची, नाहीतर ड्रिलचं टोक घसरतं. मग हातानं फिरवायच्या पिन-व्हाइसमध्ये ०.३ चं बिट. दोन वेढे पुढे, बिट बाहेर, भुसा झटकला, पुन्हा दोन वेढे. मोटरच्या ड्रिलनं हे काम होत नाही. बिट तापतं, प्लॅस्टिक वितळतं आणि त्याच्याभोवती गुंडाळतं.

भोकं झाली की खरा विषय येतो, कुठली वायर कुठे जाणार. शेवरोलेच्या या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. वरून पाहिलं तर डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि पलीकडे २, ४, ६, ८. यात पाच आणि सात हे दोघं शेजारी आहेत आणि एकापाठोपाठ एक पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर गेल्या तर पाचच्या वायरीतल्या विजेमुळे सातच्या वायरीत वीज उमटू शकते आणि सातव्यात ठिणगी वेळेआधी पडते. म्हणून जाणते मेकॅनिक या दोन वायरी मुद्दाम लांबून नेतात. मीही तशाच नेल्या. पाचची वायर व्हॉल्व्ह कव्हरच्या वरून, सातची मागच्या बाजूनं वळवून.

माझ्या इंजिनातून वीज कधी जाणार नाही हे उघड आहे. पण खऱ्या गाडीत एखादी गोष्ट ज्या कारणासाठी तशी असते, ते कारण समजून ती मॉडेलमध्ये ठेवली की ती आपोआप योग्य जागी बसते. नुसता फोटो बघून लावलेल्या वायरी सुबक दिसतात, इतकंच. इंजिन समजून लावलेल्या वायरींना दिशा असते.

बुधवार

आजचा पूर्ण वेळ बॉडीच्या आतल्या बाजूला गेला.

बरेच दिवस मनात घोळणारी गोष्ट आज लिहूनच ठेवते. मॉडेल खोटं दिसतं, तेव्हा आपण काय राहिलं ते शोधत बसतो. आरशाचा दांडा राहिला का, दाराची किल्लीची खाच राहिली का. पण बहुतेक वेळा डोळ्याला खुपते ती जाडी. दोन-चार गोष्टी नसल्या तर चालून जातं. असलेली गोष्ट जाड असेल तर नजर तिथेच अडते.

ही जाडी किट बनवण्याच्या पद्धतीतूनच येते. वितळलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबानं भरतात. भिंत फार पातळ ठेवली तर प्लॅस्टिक टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे बॉडी एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. गाडीचा खरा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. म्हणजे आपण अडीच सेंटिमीटर जाड पत्र्याची गाडी बनवत असतो! पुढच्या काचेचंही तेच.

अख्खी बॉडी पातळ करणं शक्य नाही, आणि गरजही नाही. जाडी फक्त कडेला दिसते. म्हणून कड तेवढी पातळ करायची. चाकांच्या वरच्या कमानी, बॉनेटची किनार, हवा आत घेणाऱ्या खाचांची तोंडं, मागच्या मडगार्डची खालची बाजू. मी गोल पात्याची सुरी आतल्या बाजूनं काटकोनात धरते आणि कापत नाही, खरवडते. पांढऱ्या प्लॅस्टिकची बॉडी असेल तर ती अधूनमधून दिव्यासमोर धरायची. आधी कमान अपारदर्शक दिसते. मग काठाशी एक फिकट पट्टी उजळायला लागते. ती पट्टी सगळीकडे सारखी झाली की थांबायचं. तिथून पुढे गेलं तर कड लवते, आणि प्रायमरचा थरही तिला सावरत नाही.

काचांचं म्हणाल तर बाजूच्या काचा मी पारदर्शक शीटमधून कापून बसवते. ०.२५ ची शीट पंचवीसपट केली की सव्वासहा मिलिमीटर, म्हणजे खऱ्या काचेच्या बरीच जवळ. पुढची काच मात्र वक्र असते, ती किटमधलीच ठेवावी लागते. तिच्या कडेला काळा रंग लावायचा. खऱ्या गाडीत तिथे काळं रबर असतंच, आणि त्या काळ्यात काचेची जाडी दिसेनाशी होते. एवढ्याशा उपायानं पडणारा फरक मला दर वेळी नव्यानं आनंद देतो.

दारांच्या फटी प्रायमरच्या आधीच खोल करून घेतल्या. त्या काळच्या गाड्यांत ही फट चार-पाच मिलिमीटरची, म्हणजे आपल्याला ०.२ हवी. किटमधली फट उथळ असते आणि रंगाच्या थरांनी बुजते. स्क्राइबरचे, म्हणजे रेषा कोरायच्या अवजाराचे, हलके हात पुन्हा पुन्हा फिरवायचे. जोर लावला की टोक रेषा सोडतं.

दारं कापून उघडती करावीत का, यावर माझं मत पक्कं आहे: नाही. बिजागऱ्या या मापात कधीच पुरेशा बारीक होत नाहीत आणि उघडलेल्या दाराची कड सगळी जाडी उघडी करते. बंद दार आणि नीट खोल केलेली फट जास्त खरी दिसते.

गुरुवार

आज फक्त अक्षरं. मडगार्डवर ‘कॅमॅरो’ हे नाव उठावात असतं, खऱ्या गाडीवर ते क्रोमचं. रंग दिल्यावर ब्रशनं चांदी भरायला गेलं की अक्षरं फुगतात. त्यापेक्षा रंगाच्या आधीच त्या जागेवर बेअर मेटल फॉइलचा, म्हणजे मागून चिकट असलेल्या अगदी पातळ धातूच्या वर्खाचा, तुकडा चिकटवायचा, कापसाच्या काडीनं आणि मग टूथपिकनं दाबून प्रत्येक वळणात बसवायचा, आणि बाहेरचा भाग नव्या पात्यानं कापून काढायचा. मग त्यावरूनच प्रायमर, त्यावरूनच रंग. शेवटी गुळगुळीत कापडाला किंचित थिनर लावून अक्षरांच्या फक्त माथ्यावरून फिरवलं की रंग निघतो आणि खालची चांदी वर येते. अक्षराची कड अशी धारदार निघते की ब्रशनं तशी कधी येणारच नाही.

पातं दर दोन-तीन कापांनंतर बदलावं. बोथट पातं फॉइल कापत नाही, ओढतं.

शुक्रवार, उशिरा

रंगाचा दिवस. खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू, तोंडावर वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क. कापडी किंवा धुळीचा मास्क लॅकर रंगाच्या वाफा अडवत नाही, हे नव्यानं या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते.

मेटॅलिक निळा घेतला आहे. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. खऱ्या गाडीच्या रंगातला वीस मायक्रॉनचा कण मॉडेलवर आला की तो पंचवीसपट होऊन अर्ध्या मिलिमीटरचा भासतो आणि गाडीवर चकचकीत पूड उधळल्यासारखी दिसते. म्हणून मूळ कंपनीचा रंग मिळाला तरी मी तो वापरत नाही. मॉडेलसाठी बारीक दळलेला रंग, छटा मूळ रंगाच्या जवळची, बस. मूळ रंगाचा कोड जुळवण्यापेक्षा कण बारीक असणं महत्त्वाचं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

इथेही पुन्हा जाडीच. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचे (सगळ्यांत वरचा पारदर्शक थर) सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात. आपल्याला त्या हिशेबानं चार मायक्रॉन हवेत, ते तर अशक्यच. मग हातात उरतं ते एवढंच, की प्रत्येक थर जितका पातळ देता येईल तितका द्यायचा. रंग दुधाइतका पातळ करायचा, एअरब्रशचं नोझल ०.३, दाब पंधरा ते वीस पीएसआय. पहिला हात अगदी धुरकट, खालचा प्रायमर दिसू द्यायचा. दुसरा त्याहून थोडा ओला. तिसऱ्यात रंग भरतो. चौथ्याचा मोह टाळायचा.

एक खबरदारी लिहून ठेवते: लॅकर रंगावर इनॅमल रंग चालतो, पण इनॅमलवर तेज लॅकर मारलं की खालचा थर सुरकुततो. क्रम ठरवताना हे आधी पाहायचं.

शनिवार

आज गाडीला हात लावलेला नाही. क्लिअरचे हात पहाटेच्या आत आटोपले होते. आता ते पूर्ण कडक होईपर्यंत पॉलिशला बसायचं नाही. वास घेऊन बघायचा. वास येतोय म्हणजे आतला थिनर अजून बाहेर पडतोय.

मोकळा वेळ मिळाला म्हणून जुन्या किटांबद्दलची टिपणं चाळली. १:२४ हे माप इंचांच्या हिशेबात सरळ आहे, एका फुटाला अर्धा इंच. जपानी कंपन्या मोटारी बहुधा याच मापात काढतात. अमेरिकन किटांची परंपरा १:२५ ची. ही कॅमॅरो मुळात १८६ इंच लांब. १:२५ मध्ये ती १८९ मिलिमीटर येते, १:२४ मध्ये १९७. फरक आठ मिलिमीटरचा, पण एका फळीवर शेजारी ठेवल्या तर लगेच जाणवतो. म्हणून मी एका फळीवर एकच माप ठेवते.

अमेरिकेत मोटारविक्रेते गिऱ्हाइकांना दाखवायला खऱ्या गाडीच्या रंगातली छोटी मॉडेलं ठेवत. त्यातली १९५० च्या दशकातली बरीचशी सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि ती काळानुसार वाकली, पिळवटली. १९५८ मध्ये एएमटी या अमेरिकन किट कंपनीनं एका खोक्यातून तीन प्रकारे जोडता येणारी किटं काढली: कारखान्यातून येते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. आणि त्याच्याही आधी, १९३० पासून १९६८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाची क्राफ्ट्समन्स गिल्ड ही मुलांसाठीची मॉडेल स्पर्धा चालू होती. १९४७ मध्ये तिथे जिंकलेला चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. मला यात नवल वाटत नाही. छोट्या मापात प्रमाण चुकलं की लपवायला जागा नसते, आणि ज्याचा डोळा तिथे तयार होतो त्याला मोठी गाडी बघायला वेगळं शिकावं लागत नाही.

किटमधल्या क्रोमचं काम मात्र आज उरकलं. कारखान्याचं क्रोम बारीक खाचा बुजवतं आणि साच्याची रेघ खाली तशीच राहते. ब्लीचमध्ये ठेवलं की ते निघून जातं. रेघ घासून, चमकदार काळ्या रंगावर क्रोमचा पातळ हात दिला की बंपर नव्यानं घडवल्यासारखा दिसतो.

पुढचा रविवार

पॉलिश झालं. ३००० पासून १२००० नंबरपर्यंतचे घासायचे पेपर, पाण्याखाली, शेवटी कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. बॉडीच्या उभ्या घड्यांवर रंग सगळ्यांत पातळ असतो, तिथे पेपर गेला की प्रायमर उघडा पडतो. म्हणून घडीवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून दोन्ही बाजू घासायच्या आणि शेवटी पट्टी काढून नुसतं कंपाउंड फिरवायचं.

गाडीच्या पोटाला चकचकीत रंग दिला नाही. प्रदर्शनांसाठी नव्यानं सजवलेल्या गाड्यांचं पोट आरशासारखं असतं, पण कारखान्यातून निघालेल्या गाड्यांचं तसं नसायचं. त्या काळच्या कितीतरी गाड्यांना खाली प्रायमर असे आणि कडेनं बॉडीच्या रंगाचा उडालेला फवारा. मी तसंच केलं. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे नळ, कच्च्या बिडाच्या रंगाचे ठेवले, इंजिन शेवरोलेच्या नारिंगीत. टायर गडद राखाडी. पूर्ण काळा टायर या मापात प्लॅस्टिकचा वाटतो.

मग चाकं. टायरचा जमिनीला टेकणारा भाग पेपरवर किंचित सपाट केला, म्हणजे गाडीला वजन आल्यासारखं दिसतं. गाडी काचेवर ठेवली आणि एकेका टायरखाली कागद सरकवून पाहिला. साध्या कागदाची जाडी ०.१, म्हणजे तो आत शिरला तर खऱ्या गाडीचं चाक निदान अडीच मिलिमीटर हवेत. तीन चाकं घट्ट आहेत. मागच्या डाव्याखालून कागद जातो. उद्या त्या बाजूचं ॲक्सलचं भोक कानशीनं खालच्या अंगाला थोडं वाढवायचं, काचेवरच दाबून चिकटवायचं. मग आरसे आणि वायपर तेवढे राहतात, आणि किटमधले वायपर जाड आहेत. त्याऐवजी एचिंगचे, म्हणजे पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेले, घालणार.