दळणाच्या वाटेवर

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उलटला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दोन याद्या एकदमच निघतात. एक फराळाची, दुसरी फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधीचे झाडांचे रंग, कुठे बघायचे त्याची. दुसऱ्या यादीत बहुतेकांची धाव व्हर्माँटकडे. पाच-सहा तास गाडी हाकायची, हॉटेलला अव्वाच्या सव्वा पैसे मोजायचे आणि तिथे पोचल्यावर ऐकायचं, की परवाच्या वाऱ्यापावसात पानं झडली, आता पुढच्या वर्षी या! माझं मत विचाराल तर एडिसनहून २८७ आणि मग २०६ नंबरचा रस्ता धरून चेस्टरला यावं आणि काउंटी रोड ५१३ पकडावा. लाँग व्हॅली, कॅलिफॉन, हाय ब्रिज, क्लिंटन करत तो डेलावेअर नदीकाठच्या फ्रेंचटाउनला उतरतो.

रस्ता वळणांचा आहे, मागे बसलेल्यांना मळमळेल इतपत. पण ही वळणं कुणी आपल्या हौसेसाठी काढलेली नाहीत, ती जुन्या पाणचक्क्यांमुळे पडली. पाणचक्कीला पाण्याचा उतार लागतो. उतार असेल तिथे चक्की, आणि चक्की असेल तिकडे गव्हामक्याची पोती लादलेल्या घोडागाड्या. लांबच लांब जाणं परवडायचं नाही, कारण दळण घेऊन त्याच दिवशी घरी परतायचं असायचं. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर चक्क्या, आणि चक्कीभोवती लोहार, दुकान, चर्च, चार घरं. या भागातली कितीतरी गावं अशीच वसली. आज आपण दहा मिनिटांत एक गाव मागे टाकतो आणि ‘किती क्यूट आहे नाही!’ म्हणून पुढे जातो. रस्त्यांच्या पाट्यांवर मात्र अजून जागोजागी ‘ओल्ड मिल रोड’ दिसतं.

रंगांविषयी बोलायलाच हवं, नाहीतर आलो कशाला. आधी वेली पेटतात, मग शुगर मेपल शेंदरी होतो, हिकरी पिवळीधमक होते, आणि ओक सगळ्यांच्या शेवटी, नाइलाज झाल्यासारखा तांबूस पडतो. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो उघडा पडतो. लाल मात्र ऐन वेळी तयार होतो, पानात अडकून राहिलेल्या साखरेतून. त्यामुळे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठणार नाही इतपत थंडी असली, की त्या वर्षी लाल रंगाची चंगळ.

गेल्या खेपेला आई सोबत होती. देवरुखकडची माणूस, झाडांकडे बघून ‘छान आहे’ म्हणाली आणि विषय संपवला. तिची कळी खुलली ती चेस्टरजवळच्या कूपर मिलमध्ये. नेथन कूपरनं १८२६ साली ब्लॅक रिव्हरच्या काठी बांधलेली ही दगडी पाणचक्की. तिचं पाण्याचं चाक फिरवून दाखवतात, आणि तेच बघण्यासारखं आहे. बाहेरून फोटोत ती शांत, निसर्गरम्य वगैरे दिसते. आत पाऊल टाकलं की खालच्या मजल्यावर लाकडी दातांची चक्रं एकमेकांत अडकून घरघरतात, पायाखालची फळी थरथरते, आणि वर सुमारे २००० पौंडांची, म्हणजे नऊ क्विंटलची, जात्याची वरची तळी फिरत असते. मला आमच्या गावची डिझेल इंजिनावरची गिरणी आठवली. तिची पुकपुक नदीपलीकडे ऐकू यायची आणि आत बोलायचं तर ओरडूनच.

धान्य-पीठ वरखाली नेण्याची सोयही बघावी. ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या गृहस्थानं पट्ट्यावर छोटे छोटे डबे बसवून धान्य आपोआप वरच्या मजल्यावर चढवण्याची आणि गरम पीठ पसरून निववण्याची यंत्रणा काढली. १७९० साली अमेरिकेनं पेटंट द्यायला सुरुवात केली, त्यात याचा नंबर तिसरा. खांद्यावर पोतं घेऊन जिने चढणाऱ्या गड्यांचं काम तेव्हा गेलं. यंत्रानं नोकऱ्या खाल्ल्याची ओरड काही आजची नाही.

चक्की दाखवणारे आजोबा एका उघड्या ठेवलेल्या तळीवरच्या खाचा दाखवत होते. आईनं वाकून त्यांवरून बोट फिरवलं.

“विचार रे त्यांना, टाकी कधी लावली?”

विचारलं. आजोबांचा चेहरा उजळला. लाकडी दांड्यात बसवलेली दुधारी छिन्नी त्यांनी काढून दाखवली. टाकी लावायची म्हणजे या खाचा छिन्नीनं पुन्हा कोरायच्या. त्या बोथट झाल्या की दाणा कापला न जाता चिरडला जातो, पीठ तापतं आणि त्याला वास लागतो. टाकी लावणाऱ्याच्या हातात पोलादाचे कण रुतून बसत, आणि तेवढे हात बघूनच चक्कीवाले त्याचा अनुभव ओळखत, असं ते सांगत होते. आई म्हणाली, आमच्याकडे टाकीवाली दारावर यायची, तिचेही हात तसेच. उंची गव्हाच्या पिठासाठी इकडे फ्रान्सहून गारेच्या जातीचा दगड आणायचे, त्याचे तुकडे जोडून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तळी करायचे. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं भुवया उंचावल्या. जातं परदेशातून मागवायचं म्हणजे काय!

मग तिचा खरा प्रश्न आला. “मक्यावर गहू घालतात का हे?”

ज्याच्या घरात दळणाचा डबा कधी गेला असेल त्याला हा प्रश्न समजावून सांगायला नको. नाचणीवर मोदकाचे तांदूळ घातले तर पिठी लालसर येते, आणि गणपतीच्या तोंडावर गिरणीवाल्याशी भांडण होतं. आजोबांना मी दोनदा समजावलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “मक्यावर मकाच.” आईनं मान डोलावली. चक्की पास झाली.

हाय ब्रिज हे गाव ज्या उंच रेल्वे पुलाच्या नावानं ओळखलं जातं तो ११२ फूट उंच, १३०० फूट लांब पूल आता दिसत नाही. देखभाल परवडेना म्हणून १८६०च्या दशकात रेल्वे कंपनीनं तो चक्क मातीचा भराव घालून पुरून टाकला. लाँग व्हॅलीचं आधीचं नाव जर्मन व्हॅली. पहिल्या महायुद्धात ते बदललं. नामांतराचा सोस सगळीकडेच.

पण नावांतली खरी गंमत क्लिंटनला आहे. रॅरिटन नदीच्या साउथ ब्रँचवर समोरासमोर दोन चक्क्या, एक लाल लाकडी आणि एक दगडी, मध्ये रुंद बंधाऱ्यावरून पडणारं पाणी. न्यू जर्सीच्या निम्म्या कॅलेंडरांवर हीच जागा असावी. लाल चक्की १८१०च्या सुमारास राल्फ हंटनं लोकरीसाठी बांधली, म्हणून गावही हंट्स मिल्स. १८२८ साली गावानं नाव बदललं आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर डेविट क्लिंटन यांचं घेतलं. हे गृहस्थ कशासाठी प्रसिद्ध? ईरी कालव्यासाठी. १८२५ च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला आणि पश्चिमेकडचा गहू स्वस्तात पूर्वेला येऊ लागला. पुढे रेल्वे आली, मग दगडाऐवजी पोलादी रोलरांवर दळणाऱ्या प्रचंड गिरण्या आल्या, आणि इकडच्या शेतकऱ्याला गहू पिकवणंच परवडेना. म्हणजे चक्क्यांवर जगणाऱ्या गावानं, चक्क्यांच्या मुळावर येणाऱ्या माणसाचं नाव हौसेनं लावून घेतलं! लाल चक्कीनं मात्र हार मानली नाही. लोकर गेली तर धान्य, मग प्लास्टर, टाल्क, ग्रॅफाइट, जे मिळेल ते तिनं दळलं; वीजही तयार केली. समोरच्या दगडी चक्कीत आता कलासंग्रहालय आहे.

चक्क्यांचा दुसरा वैरी आग. हवेत उडणारं पीठ आणि दगडावर दगड घासून उडालेली ठिणगी. डेलावेअरकाठी स्टॉक्टनजवळ प्रॉल्सव्हिलची चक्की आहे, तीही १८७४ साली जळाली आणि १८७७ मध्ये पुन्हा उभी राहिली. फ्रेंचटाउनहून रस्ता २९ नं दक्षिणेला जाताना एका हाताला नदी आणि पिवळा पडलेला काठ, हा पट्टा गाडी हळू चालवण्याचा आहे. मागच्यानं हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा.

तिथून आत वळलं की सार्जंट्सव्हिलच्या वाटेवर १८७२ चा छप्पर घातलेला लाकडी पूल लागतो. त्या काळातला असा हा न्यू जर्सीत उरलेला एकच. आईनं विचारलं, पुलाला छप्पर कशाला? मी सांगितलं, पावसानं मुख्य तुळया कुजू नयेत म्हणून. छपराच्या फळ्या बदलणं सोपं, तुळया बदलणं महाग.

“शहाणी माणसं,” ती म्हणाली. “आमचा साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि दिवाळीनंतर गाव जमून नवा घालायचं. छप्पर घातलं असतं तर तेही गेलं असतं.”