कमरेची गोळी आणि मनगटाचं हाड

चार वर्षांपूर्वी ऐन हंगामात देवगडच्या बागेत आंब्याच्या कलमावरून पडलो आणि कमरेचा मणका दबला. दुखणं थांबेना म्हणून ट्रामाडॉल सुरू झाली, ५० मिलिग्रॅमच्या दिवसाला चार गोळ्या. दोन वर्षं जुन्याच चिठ्ठीवर मिळत राहिल्या. ही अफूवर्गातली गोळी, २०१८ पासून अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखाली आलेली, हे मला कुणीही सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे. अंगातली ताकद गेली, नवराबायकोतली जवळीक गेली. पन्नाशी उलटली की असंच होत असेल, असं धरून चाललो.

मग पावसाळ्यात शेवाळलेल्या खळ्यात घसरलो. नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधी गोळ्यांची पाकिटं बघायला मागितली. त्यांनी सांगितलं ते असं: हाड मोठेपणीही झिजतं आणि नव्याने भरतं. भरण्यासाठी वाढीचं संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लागतं, आणि दोन्हींची सूत्रं मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीकडे. अफूवर्गातलं औषध सुरुवातीला वाढीचं संप्रेरक उलट वाढवतं. पण वर्षानुवर्षं घेतलं की काहींमध्ये ते मंदावतं, टेस्टोस्टेरॉन तर पुष्कळ पुरुषांत उतरतं. हाड बांधणाऱ्या पेशीही सुस्तावतात.

टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी ८ वाजता उपाशीपोटी रक्त द्यायचं, म्हणून आदल्या दिवशीच करूळ घाट चढून गेलो. वाढीचं संप्रेरक रक्तात सारखं चढतं-उतरतं, त्यामुळे त्याऐवजी त्याच्या प्रभावाने रक्तात येणारं आयजीएफ-१ तपासलं. ते खालच्या सीमेवर, टेस्टोस्टेरॉन फारच कमी. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा आकडा, म्हणजे टी-स्कोर, उणे २.६. उणे २.५ आणि त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

गोळी एकदम सोडायची नाही, असं त्यांनी बजावलं. दर पंधरवड्याला अर्धी गोळी कमी, असे चार महिने. शेवटची अर्धी सोडणं सर्वांत कठीण गेलं. नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पाय रात्रभर तळमळायचे. बायको पाय चेपत म्हणायची, "ह्या तुमचा नाय, त्या गोळयेचा दुखणा. जातला."

सोबत ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आठवड्याची एक हाडांची गोळी. ती उपाशीपोटी पेलाभर पाण्यासोबत घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन वर आलं. हाड सावकाश भरतं: वर्षानंतर उणे २.४. कंबर पावसात अजून धरते, शेक आणि व्यायामावर भागवतो. यंदाचे आंबे जमिनीवर उभा राहून झेल्यानेच, म्हणजे लांब काठीच्या जाळीनेच, काढले.