गणपती कोणाच्या पाळीचा?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी गेली एकोणीस वर्षे वकिली करते. आमच्याकडे दिवाणी दावे असतातच, पण गेल्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक वेळ जातो तो मुंबई, ठाणे, पुणे येथून कोकणात घर घ्यायला येणाऱ्या माणसांची कागदपत्रे पाहण्यात. अशा कामातला एक दिवस, खरे तर दोन दिवस, माझ्या चांगलेच लक्षात राहिले आहेत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बारमधील एका ज्येष्ठ वकिलांचा फोन आला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी त्यांच्याकडे घरखरेदीसाठी आले होते. "हे काम तू कर. माझ्याकडून होणार नाही," एवढेच ते म्हणाले. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कारण नाही सांगता येणार." पंचाहत्तरीतही रोज कोर्टात येणाऱ्या माणसाने चालून आलेले काम सोडावे आणि त्याबद्दल एक शब्दही बोलू नये, याचा अर्थ आमच्या व्यवसायातल्या माणसाला कळतो. ज्याचा कागद एकदा आपल्या कपाटात आला, त्याच्याविरुद्ध तो कागद वापरायचा नसतो. लहान गावातला वकील निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी असे माझे मत आहे, कारण इथे प्रत्येक वकील प्रत्येक घराला कुठे ना कुठे ओळखत असतो, आणि ती ओळख तुमच्या उपयोगी पडणार की तुमच्या आड येणार हे तो किती स्पष्टपणे सांगतो यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

दुपारी ते दांपत्य माझ्याकडे आले. त्यांनी निवडलेले घर चिऱ्याचे, कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर, आणि घराखालची व भोवतालची जमीन मिळून 22 गुंठे. सौदा 48 लाखांचा ठरला होता आणि दोन लाखांची विसार पावती झालेली होती. गृहस्थांच्या नावावर माण तालुक्यात वडिलोपार्जित शेतजमीन होती, त्यामुळे शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्याची कूळ कायद्यातील कलम 63 ची अडचण त्यांना नव्हती. सातबारावर विकणारा आणि त्याची बहीण अशी दोनच नावे होती आणि दोघेही सही करायला तयार होते. इतर हक्काचा रकाना रिकामा होता, बँकेचा बोजा नव्हता. त्यांच्या नात्यातील एका मुंबईच्या वकिलांनी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेऊन अहवालही दिला होता आणि त्यात काही आक्षेपार्ह नव्हते.

तो अहवाल मी मन लावून वाचला. त्यात काहीही खोटे नव्हते. शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ लिहिले होते की हा शोध केवळ ऑनलाइन उपलब्ध नोंदींपुरता आहे. मुंबईबाहेरच्या दस्तांची सूची तिथे साधारण 2002 पासूनची मिळते. त्याआधीचे सगळे दुय्यम निबंधक कार्यालयातील हस्तलिखित वह्यांत असते. अहवालात काय पाहिले हे लोक वाचतात. काय पाहिले नाही हे सांगणारा परिच्छेद कोणी वाचत नाही.

मध्यस्थाची मात्र घाई चालली होती. 1 एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी मूल्याचे, दर वाढतील, म्हणून 31 मार्चच्या आत खरेदीखत झालेच पाहिजे, असे त्याने या दोघांच्या मनावर बिंबवले होते. शिवाय "वकील आमचा आहे, कागद तयार आहेत, फी दोघांत निम्मी-निम्मी" हेही सांगितले होते. मी तिथेच दर काढून पाहिला. सरकारी दराने त्या मिळकतीचे मूल्य 31 लाखांच्या आसपास येत होते. मुद्रांक शुल्क सरकारी मूल्य आणि ठरलेली किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर लागते, म्हणजे 48 लाखांवर लागणारच होते. दर दहा टक्क्यांनी वाढले असते तरी यांच्या शुल्कात एका रुपयाचा फरक पडला नसता. काकूंनी यजमानांकडे पाहिले. त्यानंतर मध्यस्थाच्या फोनला त्या स्वतः उत्तरे देऊ लागल्या.

गृहस्थांनी मला विचारलेला पहिला प्रश्न फीचा होता, आणि त्यात काही गैर नाही. दुसरा प्रश्न मात्र त्यांनी विचारायला हवा होता आणि विचारला नाही, तो मीच त्यांना सांगितला: रेकॉर्ड रूममध्ये स्वतः कोण जाणार, वकील की कारकून, आणि घर पाहायला कोणी जाणार आहे की नाही? मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण झालेले सॉलिसिटर वेगळे असतात आणि मोठ्या कार्यालयांत टायटल तपासणारी माणसेही वेगळी असतात. तालुक्याला तशी विभागणी नाही. इथे शोध घेणारा, मसुदा लिहिणारा, निबंधकासमोर उभा राहणारा आणि पुढे दावा झालाच तर तो लढवणारा वकील बहुधा एकच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुय्यम निबंधक कार्यालयात बसले आणि तीस वर्षांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, पाहिली. त्या सर्व्हे नंबरावर एकही दस्त नव्हता. अनेकांना यात समाधान वाटते. मला तिथेच शंका आली, कारण ज्या जमिनीवर तीस वर्षांत खरेदी नाही, गहाण नाही, वाटपपत्र नाही, हक्कसोड नाही, ती जमीन बहुतेक वेळा अजून वाटलेलीच नसते. एकत्र कुटुंबाची मिळकत निबंधकाच्या दारात कधी येतच नाही.

तिथून मी तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले. जुने हाताने लिहिलेले सातबारे आणि गाव नमुना 6, म्हणजे फेरफाराच्या वह्या, मागे मागे पाहत जाणे हे डोळ्यांची परीक्षा घेणारे काम आहे. शाई फिकट झालेली, कोपरे कसरीने खाल्लेले आणि प्रत्येक लेखनिकाचे वळण निराळे. सध्याच्या नावांवरून विकणाऱ्याच्या वडिलांच्या मृत्यूची 2011 ची वारस नोंद मिळाली. त्याआधी वडिलांचे एकट्याचे नाव. त्याहूनही मागे, 1968 च्या फेरफारात, आजोबांच्या मृत्यूनंतर त्याच वडिलांचे नाव लागलेले होते, आणि नावापुढे तीन अक्षरे होती: "ए. कु. मॅ."

एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरल्या मुलाचे नाव मालक म्हणून लागलेले नव्हते. सगळ्या भावंडांच्या वतीने, कारभारी म्हणून लागले होते. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या सातबारावर ती अक्षरे होती. 1980 च्या दशकात सातबारा नव्याने लिहिला गेला तेव्हा ती गळली. ती काढून टाकण्याचा फेरफार मी दोन्ही बाजूंनी पाने उलटून शोधला. तसा फेरफार झालेलाच नव्हता. नवे पान उतरवताना कुणीतरी नाव लिहिले आणि पुढची तीन अक्षरे लिहिली नाहीत, पुढे तेच पान संगणकात गेले, आणि कारभारी कागदोपत्री मालक झाला. महसुली नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते, पण तिने मालकी निर्माण होत नाही.

दुपारच्या उन्हात मी स्कूटरवरून त्या गावी गेले. ग्रामपंचायतीत कर आकारणीचा नमुना 8 पाहिला. घरपट्टीही थोरल्याच्याच नावे होती, त्यामुळे तिथे काही हाती लागले नाही. मग वाडीवर गेले. घराला कुलूप होते. गडग्यापलीकडे एक बाई आमसुले वाळत घालत होत्या, त्यांच्याकडे पाणी मागितले आणि बसले. या कामात मी नेहमी एक प्रश्न विचारते, तो विचारला: या घरात गणपती कोण आणतं?

त्या सहज म्हणाल्या, "पाळी असते ना. तिघांची. गेल्या वर्षी मधल्यांची होती, यंदा धाकट्यांची."

कोकणात भाऊ मुंबईला गेले, चुली वेगळ्या झाल्या, बोलणेसुद्धा बंद झाले, तरी मूळ घरातला गणपती बहुधा एकच राहतो आणि त्याचा खर्च पाळीने होतो. ज्याची पाळी तो मूर्ती सांगतो, तो भटजींना बोलावतो, आणि त्या वर्षी घराची किल्ली त्याच्याकडे असते. ही नोंद कोणत्याही गाव नमुन्यात नसते. पण ज्या घरात पाळी आहे ते घर वाटलेले नाही, एवढे मी पैजेवर सांगू शकते. मुंबईच्या त्या वकिलांना हा प्रश्न सुचला नाही यात त्यांचा दोष नाही. डोंबिवलीच्या फ्लॅटसाठी सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि मागच्या करारांची साखळी पाहताना मलाही काही प्रश्न सुचणार नाहीत.

संध्याकाळी मी दांपत्याला सगळे समजावले. विकणारा आणि त्याची बहीण फार तर आपला हिस्सा विकू शकत होते. घर राहण्याचे आणि कुटुंब अविभक्त असेल, तर हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44 सांगते. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो, आणि त्याने तसा दावा केला की 1893 च्या विभाजन कायद्याच्या कलम 4 प्रमाणे घरातलाच एखादा हिस्सेदार, न्यायालय ठरवील त्या किमतीला, त्याचा हिस्सा विकत मागू शकतो. म्हणजे 48 लाख मोजून त्यांच्या पदरात एक दावा पडला असता आणि त्या दाव्याच्या शेवटी कदाचित घरही नाही. गृहस्थ बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पण सातबारा तर कोरा आहे, मॅडम." मी त्यांच्यापुढे 1968 च्या फेरफाराची उतरवून आणलेली ओळ ठेवली.

विकणारा दोन दिवसांनी माझ्या कार्यालयात आला आणि तावातावाने बोलला. आमच्या घरात आग लावायला तुम्हाला कोणी सांगितले, असे त्याचे पहिले वाक्य होते. त्याचा राग मला कळत होता. वीस वर्षे दर उन्हाळ्यात कौले परतली ती त्याने, वासे बदलले त्याने, विहिरीचा पंप बसवला त्याने. मुंबईच्या काकांनी गणपतीच्या पाच दिवसांपलीकडे त्या घराकडे पाहिले नव्हते. त्याने फसवायचे ठरवले होते असे मला आजही वाटत नाही. कागदावर वडिलांचे नाव आणि छपरावर स्वतःचा पैसा, यातून माणसाला आपण मालक आहोत असे वाटू लागते. मी त्याला म्हटले की मी खरेदीदारांची वकील आहे, तुम्हाला सल्ला देणे मला शोभणार नाही, तुम्ही तुमचा वकील घ्या आणि दुरुस्तीवर केलेला खर्च किमतीच्या वाटपात मागा. त्याने दुसऱ्या तालुक्यातला एक वकील घेतला. त्या वकिलाने त्याला खर्चाची यादी करायला लावली आणि मग मधल्या काकांना पत्र लिहिले. मध्यस्थाने ठरवलेल्या "आमच्या" वकिलाने दोन्ही बाजूंचे काम केले असते तर ही यादी कोणी केली असती, मला माहीत नाही.

हिस्सेदार मोजले तेव्हा थोरल्याच्या शाखेत बहीण-भाऊ, मधले काका स्वतः, धाकट्याची विधवा व दोन मुले, एक हयात आत्या आणि दुसऱ्या आत्यांचे चार वारस, असे अकरा विकणारे झाले. मधल्या काकांच्या दोन मुलांना मी मान्यता देणारे म्हणून घेतले. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. विसार पावतीच्या जागी सर्वांच्या सह्यांचे साठेखत नोंदवून घेतले. किंमत तीच राहिली, दुरुस्तीचा खर्च आधी वजा होऊन उरलेली रक्कम वाटायची असे त्यांचे आपापसांत ठरले. यात चार महिने गेले आणि त्यातल्या फोनांचा हिशेब मी ठेवलेला नाही.

शेवटी अडले ते धाकट्या काकूंपाशी. त्यांचा विक्रीला विरोध नव्हता, पैशांची गरज तर त्यांनाच सर्वांत जास्त होती. त्या एवढेच म्हणाल्या की यंदाची पाळी त्यांची आहे, नवरा गेल्यानंतरची पहिली, आणि ती झाल्याशिवाय त्या अंगठा देणार नाहीत. मी डोंबिवलीला फोन केला. तिथल्या काकूंनी फोन घेतला आणि यजमानांना न विचारताच सांगितले की विसर्जनानंतरचीच तारीख घ्या.

तशी घेतली. निबंधक कार्यालयात त्या दिवशी अकरा विकणारे, दोन मान्यता देणारे, दोन घेणारे आणि ओळखीचे साक्षीदार इतकी माणसे होती की बाकांवर जागा उरली नाही. फोटो निघाले, सह्या झाल्या. धाकट्या काकूंचा अंगठा मात्र यंत्रावर उमटेना. भातलावणी आणि जात्याने रेषाच झिजल्या होत्या. लेखनिकाने ओल्या फडक्याने पुसून पाहिला, कोरड्याने पुसून पाहिला, दुसरे बोट लावून पाहिले. पाचव्या खेपेला डोंबिवलीच्या काकूंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन थोडा चोळला आणि काचेवर ठेवून दाबून धरला, तेव्हा पडद्यावर हिरवी खूण आली.