आयडीई ते यूएसबी ३.०: २८ वर अडलेला वेग सुटला

जुन्या डिस्कवरचा डेटा वाचून काढायचा आहे; त्यातल्या १२० जीबीच्या आयडीई (रुंद पट्टी-केबलची जुनी जोडणी) डिस्कचं घोडं एकदाचं पुढे सरकलं. जोडणी अशी: डिस्क, आयडीईचं साटात (नंतरची, बारीक केबलची जोडणी) रूपांतर करणारा ब्रिज बोर्ड, पुढे साटाचं यूएसबी ३.० अडॅप्टर. वाचनाचा वेग सेकंदाला २८ एमबीच्या वर जात नव्हता. ७२०० आरपीएमच्या त्या पिढीच्या डिस्कने बाहेरच्या ट्रॅकवर ५०च्या आसपास द्यायलाच हवेत.

पहिला संशय अर्थातच यूएसबीवर. पोर्ट बदलला, यूएएस (यूएसबी डिस्कसाठीची वेगवान पद्धत) बंद केलं, काडीचा फरक नाही. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबर, म्हणजे सीआरसी एरर (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका), शून्यावर. त्यामुळे केबल तुटलेली किंवा सैल असण्याचीही शक्यता कमी. एचडीपार्म या लिनक्सच्या कमांडने डिस्कची माहिती काढली तेव्हा चोर सापडला. चालू मोड दाखवणारी चांदणी (*) यूडीएमए (आयडीईचे वेगाचे टप्पे) ५ वर नव्हती, २ वर होती. मोड २ म्हणजे सेकंदाला कमाल ३३ एमबी.

पण केबल तर ८० तारांची, म्हणजे ३३च्या वरच्या मोडना लागते तीच! गोम ३४ नंबरच्या पिनमध्ये आहे. ही पिन फक्त निळ्या कनेक्टरच्या आत ग्राउंडला जोडलेली असते आणि ती तशी दिसली तरच बोर्ड ३३च्या वरचे मोड उघडतो. इथे काळं टोक बोर्डाला आणि निळं डिस्कला होतं. ३४ नंबर मोकळा दिसला, बोर्डाने ४० तारांची केबल धरली. निळं बोर्डाला, काळं डिस्कला, मधलं राखाडी रिकामं, मग वीज बंद करून पुन्हा चालू. थेट ५२! आतल्या ट्रॅककडे वेग ३० पर्यंत उतरतो, तो डिस्कचा स्वभाव.

वेस्टर्न डिजिटलची डिस्क एकटीच असेल तर जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) काढून ठेवा. त्यांच्यात जंपर 'मास्टर'वर (केबलवरची पहिली डिस्क) असेल तर सोबत स्लेव्ह (दुसरी डिस्क) आहे असं धरलं जातं, आणि मग काही ब्रिजना डिस्क दिसतच नाही. अडॅप्टरसोबतच्या चार्जरवर १२ व्होल्ट २ अँपिअर छापलेलं असलं तरी माझा त्यावर भरवसा नाही. आतल्या तबकड्या फिरायला लागताना व्होल्टेज बसलं की डिस्क टकटक करत पुन्हा पुन्हा सुरू होते. भंगारातला चांगला एटीएक्स एसएमपीएस (डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा) घ्या, तो चालू व्हायला हिरवी वायर काळीला जोडा.

आता दुसरी डिस्क, ४२० एमबीवाली. तिला एलबीए (प्रत्येक सेक्टरला सरळ ओळीने नंबर) येत नाही, फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर हा जुना तीन आकड्यांचा पत्ता कळतो. यूएसबी ब्रिज बहुतेक एलबीएतच बोलतात, त्यामुळे अडॅप्टर बदलत बसण्यात अर्थ नाही. जुना पेंटियम ३ बोर्ड काढून नेटवर्कवरून इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्यायचा बेत होता. पण लिहिता लिहिता सुचलं: जेएमबी३६८ चिपचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड रोजच्याच मशीनमध्ये बसेल, मध्ये यूएसबीचा दुभाषा नको, आणि लिनक्सला सिलिंडर-हेड-सेक्टर अजून कळतं. आधी तेच. प्रत डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम) घ्यायची, मॅपफाइलसह (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद); पहिल्या फेरीत खराब जागा न खरवडता पुढे जायचं, हट्टी सेक्टर नंतर.