अण्णांची पाखाडी आणि माझा उजवा डोळा

गेल्या मंगळवारी इथे लीड्सला डोळे तपासणाऱ्या बाईंनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. त्यातला एक उचलून पाठमोरा केला, वरची कड खाली आणली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. तेव्हापासून मला आमच्या गुहागरच्या पाखाडीशिवाय, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेशिवाय, दुसरं काही सुचत नाहीये.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू आहे. आईवडिलांपैकी कुणाला तो असेल तर इंग्लंडमध्ये चाळिशीनंतर डोळ्यांची तपासणी सरकारी खर्चाने होते, म्हणून मी गेले. चष्मेवाल्याने पुढे हॉस्पिटलात पाठवलं आणि तिथे नंबर लागायला पाच महिने गेले. चिपळूणला आपण सकाळी जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो. ‘तुमच्याकडे सगळं किती छान’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा.

पहिला कागद ओसीटीचा. प्रकाश टाकून डोळ्याच्या पडद्याचे थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजणारं हे तंत्र १९९१ मध्ये पुढे आलं. दुसरा फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेच्या टप्प्यात कुठे दिसतं नि कुठे नाही ते बघणाऱ्या तपासणीचा. अण्णा तिला ‘बटणाची परीक्षा’ म्हणतात: एक डोळा झाकायचा, नजर मधल्या दिव्यावर, कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं.

माझ्या उजव्या डोळ्यात, दिसलेलं मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचा थर खाली, घड्याळात सात वाजतात त्या जागी, पातळ झालाय. पण बटणाची परीक्षा जवळजवळ स्वच्छ! मी म्हटलं, मशीनच चुकलं असेल. बाई म्हणाल्या, थांबा. नेहमीच्या टेस्टमध्ये ५४ ठिकाणी ठिपके चमकतात, पण मधल्या १० अंशांत त्यातले फक्त १२. आणि हे तंतू ज्या पेशींपासून निघतात, त्यांची खरी दाटी तर मध्यभागीच. मग त्यांनी दोन-दोन अंशांवर ६८ ठिकाणं तपासणारी टेस्ट घेतली. नजरेच्या केंद्राच्या किंचित वर काळा डाग निघाला. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे खालचा थर झिजला की वरचं दिसणं जातं. फील्डचा कागद उलटवला होता तो यासाठी. उजेडात डाग बरोब्बर पातळ जागेवर येऊन बसला.

बाहेर माणसं ताटकळत होती, तरी त्यांनी मला हे पुरती पंचवीस मिनिटं समजावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते माझ्या डोळ्यासाठी नव्हतं.

घरी येऊन वहिनीला अण्णांच्या फाइलचे फोटो पाठवायला सांगितले. ओसीटी जानेवारीतला, फील्ड टेस्ट ऑगस्टमधली, दोन्ही एकाच फाइलीत. अण्णांचा थर वरच्या बाजूला, अकराच्या जागी गेलाय आणि फील्डमध्ये खाली काळं. म्हणजे पायाजवळचंच दिसत नाही! दोन वर्षं ते पाखाडीची शेवटची पायरी चुकतायत. आम्ही दोनदा चष्मा बदलला, नव्या चपला आणल्या, ‘बघून चाला’ म्हणून ओरडलो. उत्तर कपाटात पडून होतं आणि ते दोन कागद कुणी एकदाही शेजारी ठेवले नाहीत. मला याचा राग येतो. तिथे डॉक्टर एक आणि रांग रस्त्यापर्यंत, हे मला कळतं. मशीनही तेच आहे, आणि ‘अण्णा, आता उजवा हां’ असं मायेने सांगणारी मुलगी इथे कुठून मिळणार? तरीही राग येतो.

मी गुहागरलाच राहिले असते तर मीही चष्म्याचा नंबरच बदलत बसले असते. लांब आले म्हणूनच हे दिसलं, असं मला मनापासून वाटतं.

वहिनीने विचारलं, “ताई, ओसीटी काढला ना, मग बटणाची परीक्षा परत कशाला? अण्णा रडकुंडीला येतात.” तिला सांगितलं की थर ५० मायक्रॉनच्या आसपास आला की ओसीटीत तो आणखी पातळ होताना दिसत नाही, कारण मागे रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी उरतात. अण्णांचा थर तिथे पोचलाय. पुढची झीज आता बटणच सांगणार. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखायची, त्यांनीही आणि आता मीही.

काल दादाने पाखाडीच्या प्रत्येक चिऱ्याच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा मारला. व्हिडिओ कॉलवर अण्णा हळूहळू उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले, मान खाली घालून पट्टा शोधला आणि मग पाय टाकला.

“पावसानंतर परत मारायला लागेल हो,” ते दादाला म्हणाले.