डिझेलच्या घरातली मुलगी आणि पेट्रोलची कोंबी

माझ्या बाबांनी नाशिकला, सातपूरच्या मायकोत, एकतीस वर्षं डिझेल इंजिनाच्या नोझलवर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागावर, काम केलं. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण आमच्या घरात आणि सर्कलवरच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी ती अजून मायकोच आहे. नोझलमधली सुई आणि ती ज्यातून सरकते ते भोक यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आता मी नवरा आणि दोन मुलांसोबत जर्मनीत, स्टुटगार्टला लागून असलेल्या एस्लिंगेनला राहते. बॉशने १९२७ साली डिझेलचा इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली ते स्टुटगार्ट इथून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. त्यामुळे गेल्या वर्षी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा इंजिन कुठलं, हा प्रश्न आमच्याकडे साधा नव्हताच.

कुठली बॉडी, हे मात्र पाच मिनिटांत ठरलं. इथे तिला कोंबी म्हणतात. मर्सिडीजवाले टी-मॉडेल, बीएमडब्ल्यूवाले टूरिंग आणि आउडीवाले अवांत म्हणतात, गोष्ट एकच. सेडानचं छप्पर शेवटपर्यंत ओढून मागे उभं दार लावलेलं. आपल्याकडे १९९२ साली टाटा इस्टेट आली होती, आमच्या कॉलनीत एकांकडे होती आणि आम्ही पोरं तिच्या डिकीत बसायला भांडायचो. एसयूव्हीपेक्षा हिची डिकी खाली असते. चाळीस किलोंची बॅग छातीपर्यंत उचलावी लागत नाही, आणि ऑटोबानवर १३० च्या वेगाला हवा कमी अडते. मला आणखी एक कारण होतं. मी इथल्या मंडळाच्या पथकात ढोल वाजवते. ढोल माझा स्वतःचा आहे, पुण्याहून आणलेला, आणि तो सेडानच्या डिकीच्या तोंडातून आत जात नाही.

आधीची गाडीही कोंबीच होती, डिझेलची, जुनी, युरो ५ ची (युरोपच्या प्रदूषण-नियमांची पायरी, आकडा जितका लहान तितकी गाडी जुनी). कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. आम्ही ती चुकीच्या कामाला जुंपली होती. स्टुटगार्ट वाटीसारखं आहे, चारी बाजूंनी टेकड्या आणि मध्ये कोंडलेली हवा. २०१९ च्या जानेवारीपासून तिथे युरो ४ आणि त्याहून जुन्या डिझेलला बंदी आली आणि २०२० च्या जुलैपासून वाटीच्या तळाच्या भागात युरो ५ लाही. म्हणजे आमची गाडी दारात उभी आणि मी पोहे, हिंग, गोडा मसाल्याचं सामान आणायला स्टुटगार्टला ट्रेनने जायचे, येताना दोन्ही हातांत पिशव्या. तेही चाललं असतं. पण २०२१ च्या हिवाळ्यात नवरा पूर्ण वेळ घरून काम करायला लागला, गाडी फक्त पाळणाघर आणि बाजार एवढीच फिरायला लागली, आणि मार्चमध्ये डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. काजळी धरणारा फिल्टर तुंबला होता. गॅरेजवाल्याने तेलाची पट्टी बाहेर काढून दाखवली. तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं.

मी बाबांना फोन केला. गाडीचं तेल कमी झालेलं ऐकलंय, वाढतं कसं?

बाबांना क्षणभरही लागला नाही. म्हणाले, ‘तेल वाढलं नाही, त्यात डिझेल उतरलंय.’ मग त्यांनी नीट समजावलं. फिल्टरमध्ये काजळी साठत जाते. काही शे किलोमीटरांनी इंजिन ती जाळून टाकायचं ठरवतं. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, म्हणून नोझल नेहमीच्या फवाऱ्यानंतर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, तेच पुढे जाऊन जळतं आणि उष्णता देतं. हे दहा-वीस मिनिटं चालतं आणि गाडी तेवढा वेळ चांगल्या वेगात पळत राहावी लागते. आपण मात्र सहाव्या मिनिटाला पाळणाघराच्या दारात किल्ली फिरवतो. काम अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. दर वेळी सिलिंडरच्या भिंतीवर बसलेलं थोडं डिझेल रिंगांवरून ओघळत खाली तेलात जातं. तेल पातळ होतं आणि बेअरिंगांना लागणारा आधार जातो. आमचं बिल १,९०० युरो झालं.

म्हणून या वेळी मी सरळ म्हटलं, डिझेल नको. नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. आम्ही वर्षाला बारा हजार किलोमीटर जातो. उन्हाळ्यात इटलीतल्या गार्डा सरोवराला, आल्प्समधली ब्रेनर खिंड ओलांडून, चार माणसं आणि छपरावर पेटी. वर्षातून तीनदा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला त्याच्या बहिणीकडे, एका बाजूने पाचशेच्या वर किलोमीटर. अशा प्रवासाला डिझेलसारखं इंजिन नाही. तीन वर्षं जुन्या दोन गाड्या आम्ही एकाच दिवशी चालवून पाहिल्या, बीएमडब्ल्यूची ३२० डी टूरिंग (डिझेल) आणि ३२० आय टूरिंग (पेट्रोल). ताकद जवळपास सारखीच, १९० आणि १८४ हॉर्सपॉवर. पण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, डिझेलला ४०० न्यूटन-मीटर आणि पेट्रोलला ३००. ए-८ या ऑटोबानवर म्युलहाउझेनपासून श्वेबिश आल्बच्या पठारावर चढणारा घाट आहे. मला तो कायम कसाऱ्याची आठवण करून देतो, तसेच ट्रक डाव्या-उजव्या वळणांवर धापा टाकत असतात. डिझेल तो घाट असा चढली की गिअर बदलल्याचं कळलंही नाही. पेट्रोलने दोन गिअर खाली घेतले, आवाज वर गेला आणि मग ओढलं. फरक आहे, आणि तो मला पायाखाली जाणवला.

मग मी हिशोब मांडला. माझे आकडे असे होते. डिझेल शंभर किलोमीटरला ५.८ लिटर, दर १.६० युरो. पेट्रोल ७.५ लिटर, दर १.७५. बारा हजार किलोमीटरना डिझेलचे सुमारे १,११५ युरो, पेट्रोलचे १,५७५. म्हणजे ४६० ची बचत. पण जर्मनीत गाडीच्या करात डिझेलला दर १०० सीसीमागे ९.५० युरो पडतात आणि पेट्रोलला २. दोन लिटरच्या इंजिनाला हा फरकच १५० युरोंचा होतो. कार्बन डायऑक्साइडवरचा भाग पेट्रोलला जरा जास्त पडतो, तो वजा करून शंभरावर आला. विमा आम्हाला डिझेलचा १२० ने जास्त सांगितला. उरले वर्षाला २४० युरो. आणि ती डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा दोन हजारांनी महाग होती. आठ वर्षं चालवली तर बरोबरी. एकदा फिल्टर तुंबला की तीही गेली.

बाकीचे पर्याय आम्ही टाळले नाहीत, बघून सोडले. माझा सगळ्यात जास्त जीव विजेच्या गाडीवर होता. बीएमडब्ल्यूची आय-५ टूरिंग २०२४ मध्ये आली, तिची डिकी ५७० लिटरची, पेट्रोल-डिझेलच्या ५ सीरिज टूरिंगएवढीच. बॅटरीने सामानाची जागा खाल्लेली नाही, हे मला फार आवडलं. किंमत सत्तर हजारांच्या वर, तिथेच विषय संपला. पण वापरलेली, लहान, विजेची गाडीही घेता आली नसती, आणि त्याचं कारण आमच्या इमारतीच्या तळघरात आहे. आमची पार्किंगची जागा तिथे आहे, भाड्याची, भिंतीला लागून. तिथे प्लग नाही. २०२० च्या डिसेंबरपासून भाडेकरूलाही चार्जिंगची सोय मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे. आम्ही मागितली, घरमालकीणबाईंनी मनापासून पाठिंबा दिला. पण सामाईक वीजजोडणीचा प्रश्न, म्हणून फ्लॅटमालकांच्या वार्षिक सभेत गेला, आणि तिथे ‘खर्चाचा अंदाज आल्यावर पुढच्या सभेत घेऊ’ असं झालं. नाशिकच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा विषय असाच तीन वर्षं पुढे सरकला होता.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि प्लगवर चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली गाडी, पाहायला मी ढोल घेऊन गेले. शोरूममधल्या माणसाने काही विचारलं नाही, उलट दार धरून उभा राहिला. बीएमडब्ल्यूच्या प्लग-इन ३३० ई टूरिंगची डिकी ४१० लिटरची, साध्या टूरिंगची ५००. बॅटरी मागच्या सीटखाली जाते, मग पेट्रोलची टाकी तिथून उठून मागे येते आणि डिकीखालची जागा घेते. टाकीही ५९ ऐवजी ४० लिटरचीच राहते. मर्सिडीजच्या सी-क्लास टी-मॉडेलमध्ये ४९० चे ३६० होतात, मात्र बॅटरी बरीच मोठी मिळते. ढोल ३३० ई मध्ये बसला. धाकट्याची बाबागाडी बाहेर राहिली. साध्या टूरिंगमध्ये दोन्ही बसले, शिवाय ताशाची पिशवी. पण डिकी सोडली तरी मुख्य मुद्दा तोच, प्लग नाही. रात्री चार्ज न होणारी प्लग-इन म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन फुकट वाहणारी पेट्रोल गाडी. ती घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी गाडी रात्री कुठे उभी राहणार ते बघा, मग इंजिन.

उरले पेट्रोल आणि डिझेल, आणि नवऱ्याचे बारा हजार किलोमीटर. सगळेच सांगतात की वर्षाला अमुक हजारांच्या वर गेलात तर डिझेल घ्या. आम्ही त्या रेषेच्या आसपास होतो, म्हणून निर्णय होईना. मी पुन्हा बाबांना फोन केला. मला वाटलं होतं ते डिझेलच म्हणतील. त्यांनी आयुष्यात दुसरं काही चालवलेलं नाही.

ते म्हणाले, ‘वर्षाचे किलोमीटर मला सांगू नकोस. इंजिन आठवड्यातून किती वेळा नीट तापतं ते सांग.’

हे मला सांगता आलं नाही. म्हणून मी एक वही केली. जुनी गाडी अजून विकायची होती. सहा आठवडे प्रत्येक फेरीला एक टिंब. इंजिन पुरतं तापायच्या आत किल्ली फिरवली तर लाल, तापून पुढे गेलो तर निळं. पाळणाघर तीन किलोमीटर, लाल. मोठीचा पोहण्याचा क्लास चार किलोमीटर, लाल, परत येताना पुन्हा लाल, कारण तासाभरात थंडीत गाडी गार झालेली असायची. सहा आठवड्यांत ६२० किलोमीटर झाले. फेऱ्या ७१. त्यातली ५८ टिंबं लाल.

आमचे वर्षाचे बारा हजार हे असे होते. अर्ध्याहून जास्त चार-पाच सुट्ट्यांमध्ये गोळा झालेले, आणि मधले आठवडेच्या आठवडे लाल टिंबांचे. गार्डाच्या रस्त्यावर फिल्टर स्वच्छ होतो हे खरं, पण दोन प्रवासांच्या मध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो. वार्षिक आकड्यात हे दिसत नाही, आणि माझ्या मते गाडी घेणारी कुटुंबं इथेच फसतात. रोज साठ किलोमीटर ऑफिसला जाणारा माणूस आणि आमच्यासारखं घर, दोघांचा वर्षाचा आकडा जवळ-जवळ आला तरी दोघांना एकच इंजिन चालणार नाही. त्याने डिझेल घ्यावी, डोळे झाकून. नव्या डिझेलचा धूरही आता ॲडब्लू या धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणामुळे आमच्या जुन्या गाडीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो.

वहीचा फोटो बाबांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. ‘पेट्रोल घे,’ म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, ‘आम्ही जी सुई घासत होतो ना, ती लांब पळायला होती गं. तीन किलोमीटरला नव्हती.’

२०१८ च्या सुमारापासून युरोपात पेट्रोलच्या बहुतेक नव्या गाड्यांनाही काजळीचा फिल्टर असतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. पेट्रोलचा धूर जास्त गरम असतो, तो फिल्टर चालता-चालता बराचसा आपोआप साफ होतो, असं म्हणाले. थंड इंजिनात पेट्रोल जास्त पिणार, तेवढी तयारी ठेव, हेही सांगितलं. तसंच झालं. पाळणाघराच्या फेऱ्यांना आमची ३२० आय शंभराला दहा लिटरच्या वर जाते, ते बघून दर वेळी वाईट वाटतं. गार्डाला जाऊन येताना ७.१ आलं. ब्रेनरच्या चढावर नवरा काही बोलला नाही, दोन गिअर खाली गेले तेव्हा फक्त माझ्याकडे पाहिलं.

ढोल गणपतीत दोनदा गेला, बाबागाडीसकट.

सभेचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. तळघरातल्या चार्जिंगचा विषय सातव्या क्रमांकावर आहे, या वेळी इलेक्ट्रिशियनच्या अंदाजपत्रकासह. भाडेकरू म्हणून मला सभेत बसता येत नाही. घरमालकीणबाईंना मी माझी वही दिली आहे. लाल टिंबांची पानं कुठली, ते कागदाच्या पट्ट्या लावून दाखवलं आहे.